लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला १९७७ सालची वाईन द्यायची आहे, कोणती घ्यावी?

खांडेपारकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या आईबाबांचे लग्न डिसेंबर १९७७ मध्ये फोंड्याला झाले. २०२७ च्या डिसेंबरात त्याला पन्नास वर्षे पूर्ण होतील. त्या दिवशी त्यांच्या लग्नाच्या सालचीच वाईन त्यांच्यासमोर ठेवावी, असे माझ्या आणि भावाच्या मनात आहे. या विषयातले आम्हा दोघांनाही फारसे कळत नाही, म्हणून एवढा आधी प्रश्न विचारत आहे.

वाईनच का, हे सांगायला हवे. बाबा कृषी खात्यात नोकरीला होते आणि एरवी ते मद्याला शिवत नाहीत. मात्र आमच्या कुंपणापलीकडच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे नाताळच्या संध्याकाळी बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसून बोटभर उंचीच्या पेल्यात पोर्ट ही गोड वाईन घ्यायचा त्यांचा नेम गेली चाळीस वर्षे चुकलेला नाही. शेजारचे काका वारल्यावरही काकी तोच पेला भरून ठेवतात आणि बाबा जातात. आई पीत नाही. मात्र काकींनी पाठवलेल्या बेबिंका या थराथरांच्या गोड पदार्थाबरोबर चमचाभर पोर्ट चाखायला तिला आवडते. त्या दिवशी काकींनाही आम्ही बोलावणार आहोत.

माझा भाऊ लिस्बनला असतो आणि दर डिसेंबरात घरी येतो. त्याला एका संकेतस्थळावर १९७७ सालची, फ्रान्समधल्या बोर्दो प्रदेशातल्या एका नावाजलेल्या घराण्याची लाल वाईन दिसली आहे. दर आम्हाला परवडण्यासारखा आहे. ती घ्यावी का? पन्नास वर्षांची वाईन खरोखर पिण्याजोगी राहते का, की ती केवळ कपाटात मांडून ठेवायची वस्तू ठरते? बाटली विकत घेताना काय पाहावे? आणि मुख्य म्हणजे, आमचे घर जुने, कौलारू आहे. मे महिन्यात कोठीच्या खोलीतही उकडते आणि पावसाळ्यात चपलांनाही बुरशी येते. अशा घरात ती बाटली सांभाळायची कशी?


मिरामार यांचे उत्तर

ताई, ती बोर्दोची बाटली घेऊ नका. भावाला आजच तसे कळवा आणि मग पुढचे वाचा. मी पंचवीस वर्षे हॉटेलांत वाईनच्या विभागात काम केले आहे आणि लग्नाच्या किंवा जन्माच्या सालची बाटली निवडताना लोकांची फसगत नेमकी याच ठिकाणी होते: घराण्याचे नाव मोठे, बाटलीवर हवे ते साल, आणि आत पाण्यासारखी पातळ, आंबूस वाईन.

बाटलीवरचे साल म्हणजे द्राक्षे वेलीवरून उतरवल्याचे साल. त्या वर्षी त्या गावी ऊन किती पडले, पाऊस केव्हा आला, यावर सगळे अवलंबून असते. १९७७ मध्ये बोर्दोला वसंतात हिमतुषाराने कोवळे फुटवे जळाले आणि पुढचा उन्हाळाही थंडच गेला, त्यामुळे द्राक्षे नीट पिकली नाहीत. त्या हंगामाची वाईन मुळातच अशक्त होती आणि पाच-दहा वर्षांत पिऊन टाकण्याच्या लायकीची होती. घराणे कितीही नावाजलेले असले, तरी त्या वर्षीचे आकाश त्याच्या हातात नव्हते. लग्न १९८२ किंवा १९९० मधले असते, तर मी स्वतःच तुम्हाला बोर्दो घ्यायला सांगितले असते.

आता तुमच्या आईबाबांचे भाग्य पाहा. त्याच वर्षी पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातही उन्हाळा थंड होता, परंतु सप्टेंबरात कडक ऊन पडले, द्राक्षे उशिरा पण उत्तम पिकली, आणि १९७७ हे व्हिंटेज पोर्टचे गेल्या शतकातल्या नामांकित सालांपैकी एक ठरले. व्हिंटेज पोर्ट दर वर्षी निघत नाही. पोर्ट बनवणारी घराणी आपापली वाईन वर्ष-दीड वर्ष चाखून पाहतात आणि ती तशीच असामान्य वाटली तरच त्या सालाची व्हिंटेज जाहीर करतात. दहा वर्षांत साधारणपणे तीनदा असे घडते. १९७७ ची व्हिंटेज टेलर, फोन्सेका, ग्रॅहम, डाउ, वॉर अशा बहुतेक मोठ्या घराण्यांनी जाहीर केली. कॉकबर्नने मात्र ती केली नाही, म्हणून सालाबरोबर घराण्याचे नावही तपासून घ्या.

पोर्ट इतकी का टिकते, तेही सांगतो. द्राक्षरस आंबत असताना, त्यातली साखर जवळपास अर्धी शिल्लक असतानाच, त्यात द्राक्षांपासूनच गाळलेला तीव्र मद्यार्क ओततात. त्यामुळे आंबण्याची क्रिया थांबते, गोडी आत राहते आणि मद्याचे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास जाते. साखर, मद्यार्क आणि सालींमधला तुरटपणा हे तिघे मिळून तिला अनेक दशके राखतात. ही वाईन दोन-तीन वर्षांत पिंपातून काढून बाटलीत भरली जाते आणि खरे मुरणे बाटलीतच होते. १९७७ ची वाईन साधारणपणे १९७९ मध्ये बाटल्यांत गेली. म्हणजे तुमच्या आईबाबांच्या अक्षता पडल्या तेव्हा ही द्राक्षे तोडून जेमतेम दोन-अडीच महिने झाले होते आणि ती नवी वाईन दोरूच्या काठी पिंपांत निवत पडली होती. भेट देताना एवढी एक गोष्ट बाबांना जरूर सांगा.

एक खुलासा करायला हवा, कारण आपल्याकडे त्यावरून नेहमी गोंधळ होतो. गोव्यात दुकानोदुकानी जी गोड पोर्ट वाईन मिळते, ती इथेच तयार होते. नाताळच्या पेल्यात ती शोभते, पण ती दोरूच्या खोऱ्यातली पोर्ट नव्हे आणि पन्नास वर्षे मुरवण्यासाठीही नव्हे. दोरूचे द्राक्षक्षेत्र १७५६ मध्येच सीमा आखून राखीव केले गेले. तिथल्या खऱ्या पोर्टच्या बाटलीच्या गळ्याला सरकारमान्य संस्थेची हमीची कागदी पट्टी चिकटवलेली असते. ती आहे ना, हे भावाने पाहावे.

बाटली प्रत्यक्ष पाहूनच घ्यावी. ते जमत नसेल तर उजेडासमोर धरलेली छायाचित्रे मागवावीत. वाईनची पातळी गळ्याच्या तळापर्यंत किंवा खांद्याच्या अगदी वरच्या भागापर्यंत असेल, तर पन्नास वर्षांच्या बाटलीला ते ठीक आहे. पातळी खांद्याच्या मध्याखाली उतरली असेल, तर तेवढी हवा आत गेली आहे. अशी बाटली कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी. बुचावरच्या आवरणाखालून चिकट ओघळ आलेला असेल, तर बाटलीने कधीतरी उष्णता सोसली आहे, असे समजावे. ही बाटली इतकी वर्षे कुठे होती, असा सरळ प्रश्न विक्रेत्याला विचारा. एकाच तळघरात आडवी पडून राहिलेली बाटली आणि चार लिलावांतून फिरलेली बाटली यांत माझ्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक आहे. बनावट जुन्या वाईनच्या प्रकरणात रूडी कुर्नियावान याला न्यूयॉर्कच्या न्यायालयात २०१३ मध्ये दोषी ठरवले गेले, तेव्हा फसलेल्यांत मोठमोठे संग्राहक होते. त्याचा सगळा व्यवहार फार महागड्या बाटल्यांचा होता आणि तुमच्या बाबतीत तो धोका कमी आहे, तरीही जुने, परिचित दुकान शोधणे बरे.


साष्टीकर यांचे उत्तर

मिरामार यांनी सालाविषयी जे लिहिले आहे ते सगळे मला मान्य आहे. परंतु या घरासाठी, या माणसांसाठी व्हिंटेज पोर्ट हीच योग्य भेट आहे का, याविषयी माझे मत वेगळे आहे, आणि ते मी पदरचे पैसे घालवून बनवलेले मत आहे.

सासूसासऱ्यांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी मी एक जुनी लाल वाईन दोन वर्षे आधी विकत घेतली होती. ज्या दुकानाने ती परदेशातून मागवून दिली, त्याने ती कशी आणली, कुठे ठेवली, हे मी विचारले नाही. आणि मी स्वतः ती मडगावच्या घरी कपड्यांच्या कपाटात आडवी ठेवली. दोन मे महिने त्या कपाटाने सोसले. समारंभाच्या दिवशी आवरण काढले तर बूच बाजूने भिजून काळे पडले होते, आणि पेल्यात ओतलेली वाईन कोकमाच्या आगळासारखी लाल दिसण्याऐवजी गढूळ चहासारखी दिसली. वास व्हिनेगरचा. सासऱ्यांनी तरीही घोट घेतला आणि छान आहे म्हणाले. ते त्यांचे मोठेपण होते, पण मला अजून त्या प्रसंगाची रुखरुख वाटते. दोष दुकानाचा किती आणि माझ्या कपाटाचा किती, हे ठरवण्याचा काही मार्गच नव्हता.

म्हणून मी कोल्याइता सुचवतो. हीसुद्धा खरी पोर्टच आहे आणि एकाच सालच्या द्राक्षांची असते, पण तिचे मुरणे बाटलीत न होता लाकडी पिंपात होते. नियमाने किमान सात वर्षे पिंपात ठेवावी लागते, आणि अनेक घराणी तीस-चाळीस वर्षे ठेवून मागणीप्रमाणे थोडी थोडी बाटल्यांत भरतात. तिच्या बाटलीवर दोन साले असतात: एक द्राक्षतोडीचे, दुसरे बाटली भरल्याचे. तुमच्या भावाला १९७७ ची आणि अलीकडे भरलेली बाटली मिळाली, तर वाईन पन्नास वर्षांची, पण बूच नवे. आपल्या हवामानात या नव्या बुचाचे मोल फार आहे. पिंपात हवेशी सतत संबंध आल्यामुळे तिचा लाल रंग जाऊन ती मधासारखी पिंगट होते. अक्रोड, सुके अंजीर, संत्र्याची साल आणि जळक्या साखरेचा स्वाद तिला येतो. हे स्वाद बेबिंकेच्या भाजलेल्या थरांशी इतके जुळतात, की तुमच्या आईला तिचा चमचा मोठा करावासा वाटेल.

शिवाय व्हिंटेज पोर्ट एकदा उघडली, की दिवसा-दोन दिवसांत संपवावी लागते. ज्या घरात बाबा बोटभर आणि आई चमचाभर घेते, त्या घरात उरलेल्या बाटलीचे काय करणार? कोल्याइता उघडल्यावर फ्रिजमध्ये काही आठवडे चांगली राहते. लग्नाचा वाढदिवस झाल्यावर येणाऱ्या नाताळलाही बाबांना त्याच बाटलीतला पेला काकींकडे नेता येईल.

कोल्याइता घेताना एक काळजी घ्यावी. नुसत्या टॉनी, म्हणजे पिंपात मुरून पिंगट झालेल्या, पोर्टवर दहा, वीस, तीस, चाळीस वर्षे असे आकडे असतात. ते निरनिराळ्या सालांच्या मिश्रणाचे मुरलेपण सांगतात. त्यात एखादे ठरावीक साल नसते. तुम्हाला साल हवे आहे, म्हणून बाटलीवर १९७७ हा आकडा आणि कोल्याइता हा शब्द, दोन्ही असायला हवेत.


दिवचलवासी यांचा उपप्रश्न

याच धाग्यात विचारतो, कारण विषय जवळचा आहे. माझ्या भाचीचा जन्म २०११ चा आहे. तिला एकवीस पूर्ण होतील तेव्हा, म्हणजे २०३२ मध्ये, जन्मसालची वाईन द्यावी असा विचार आहे. आत्ताच घेऊन ठेवावी काय?


दर्यावर्दी यांचे उत्तर

पोर्ट आणि कोल्याइता या दोन्हींची बाजू मांडून झाली आहे. मी तिसरी वाईन सुचवतो, जिचे आपल्या गोव्याशी जुने नाते आहे, आणि मला आश्चर्य वाटते की गोव्यातच तिची आठवण फार थोड्यांना होते.

अटलांटिक महासागरातले मदेइरा हे पोर्तुगालचे बेट. व्यापारी जहाजावर नोकरी करताना त्याची राजधानी फुन्शाल येथे आमचे जहाज दोनदा लागले. तिथे एका जुन्या वखारीच्या माळ्यावर मी गेलो होतो. छताला लागून पिंपांच्या रांगा, दुपारचे ऊन थेट कौलांवर, आणि आत एवढी ऊब की मला आमच्या घराच्या माळ्यावर सुकत ठेवलेल्या सुपाऱ्या आठवल्या. वाईन थंड तळघरात ठेवतात हे मी ऐकून होतो. इथे ती मुद्दाम उष्णतेत ठेवलेली होती.

याचे कारण समुद्रप्रवासात आहे. पोर्तुगालहून पूर्वेकडे येणारी जहाजे मदेइराला थांबून वाईनची पिंपे भरून घेत. ती पिंपे विषुववृत्त दोनदा ओलांडून भारतात येत, आणि न विकलेली वाईन परत गेली, तेव्हा असे दिसले की महिनोन्‌महिने जहाजाच्या पोटात तापून आणि हिंदकळून ती बिघडण्याऐवजी अधिक चांगली झाली आहे. पुढे मुद्दाम फेरीला पाठवलेल्या अशा वाईनला व्हिन्यो द रोदा, म्हणजे फेरीची वाईन, असे नावच पडले. भारताच्या फेरीची वाईन विशेष मानली जाई. जहाजाचा खर्च परवडेनासा झाला, तेव्हा तीच ऊब बेटावरच देण्याची रीत निघाली: साध्या प्रतीची वाईन टाक्यांत किमान तीन महिने पंचेचाळीस ते पन्नास अंश सेल्सियसच्या आसपास तापवतात, आणि उत्तम प्रतीची पिंपे माळ्यावरच्या नैसर्गिक उबेत वर्षानुवर्षे ठेवतात.

जी वाईन आधीच उष्णता आणि हवा सोसून तयार झाली आहे, तिला फोंड्याच्या कौलारू घराचे भय कमी. उघडल्यावरही ती महिनोन्‌महिने चांगली राहते. एकाच सालची आणि किमान वीस वर्षे पिंपात राहिलेली मदेइरा फ्रास्केइरा म्हणून विकली जाते. १९७७ ची मिळते का, हे भावाने लिस्बनच्या जुन्या दुकानांत विचारावे. द्राक्षाच्या जातीवरून गोडी कळते: सेर्सियाल सर्वांत कोरडी, मग व्हेर्देल्यो, मग बोआल, आणि माल्व्हाझिया सर्वांत गोड. तुमच्या आईसाठी मी बोआल किंवा माल्व्हाझिया घेतली असती. हिची बाटली मात्र आडवी न ठेवता उभी ठेवावी, नाहीतर तिच्यातला आंबटपणा आणि मद्यार्क बूच खातो.


खांडेपारकाठ

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. काल रात्री भावाला हे सगळे वाचून दाखवले. बोर्दोचा विचार आम्ही सोडून दिला आहे.

बाबा तसे संयमी आहेत, पण जुन्या वस्तूंविषयी त्यांना फार माया आहे. आजोबांचे घड्याळ ते अजून स्वतः उघडून पुसतात. पन्नास वर्षे बंद राहिलेली, साठ्याची धूळ बसलेली बाटली स्वतःच्या हाताने उघडण्यात त्यांना जो आनंद होईल, तो नव्याने भरलेल्या बाटलीत होणार नाही, असे मला वाटते. आईसाठी मात्र साष्टीकर म्हणतात ते पटते. भावाला दोन बाटल्या आणता येतील का? येत असतील तर एक व्हिंटेज आणि एक कोल्याइता, असे आम्ही ठरवतो. मदेइरासाठी काकींचा वाढदिवस मनात धरून ठेवला आहे. व्हिंटेजची बाटली त्याने याच डिसेंबरात आणावी की २०२७ मध्ये? आणि ती उघडायची कशी? आमच्याकडे साधा कॉर्कस्क्रूसुद्धा नाही.


मिरामार

साष्टीकरांचा मुद्दा योग्य होता आणि दोन बाटल्यांचा तुमचा विचार त्याहून चांगला आहे. परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लीटरपर्यंत मद्य आणण्याची मुभा आहे. साडेसातशे मिलिलीटरच्या दोन बाटल्या दीड लीटर होतात, तेव्हा प्रमाणाची अडचण नाही. मात्र सामानाच्या एकूण किमतीलाही मर्यादा असते, म्हणून दोन्ही बिले हाताशी ठेवावीत आणि काही शुल्क निघाले तर भरून मोकळे व्हावे. बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात शंभर मिलिलीटरहून मोठी द्रवाची बाटली नेऊ देत नाहीत, म्हणून त्या मोठ्या बॅगेत, मधोमध, लोकरी कपड्यांच्या घडीत जाव्यात.

व्हिंटेजची बाटली आत्ता आणू नका. तुमच्या घरी ती एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढेल, आणि तो काळ तिच्या आधीच्या एकोणपन्नास वर्षांहून कठीण असेल. भावाने ती आत्ता विकत घ्यावी, पण लिस्बनलाच ठेवावी. शक्य असेल तर विक्रेत्याकडेच, बारा ते चौदा अंशांच्या साठ्यात पैसे भरून ठेवावी. २०२७ मध्ये समारंभाच्या किमान दोन आठवडे आधी त्याने घरी यावे. प्रवासात आतला गाळ ढवळून सगळ्या वाईनमध्ये पसरतो आणि तो पुन्हा तळाशी बसायला तेवढे दिवस लागतात.

घरी आल्यावर बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मागच्या बाजूला, जुन्या सुती कापडात गुंडाळून उभी ठेवा. फ्रिज वर्षभराच्या साठवणीला योग्य नाही, कारण आतल्या कोरड्या हवेने बूच आकसते. पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही. समारंभाच्या दिवशी दोन तास आधी बाहेर काढा. डिसेंबरातल्या संध्याकाळी तेवढ्यात ती सोळा-सतरा अंशांवर येईल, आणि तिला तेवढेच हवे असते.

आता उघडण्याविषयी, कारण बाबांना ते स्वतः करायचे असेल. जुन्या व्हिंटेज पोर्टच्या बाटलीवर पुष्कळदा चुन्याचा किंवा रंगाचा एक पांढरा फटकारा दिसेल. तो डाग नव्हे, तो पुसू नका. साठ्यात बाटली आडवी ठेवताना कोणती बाजू वर होती, याची ती खूण असते. गाळ तिच्या विरुद्ध बाजूला जमून काचेला चिकटतो. ओततानाही तो पांढरा फटकारा वरच्या बाजूलाच राहील अशी बाटली धरावी.

पन्नास वर्षांचे बूच आतून भुसभुशीत झालेले असते. साधा मळसूत्री कॉर्कस्क्रू मधोमध शिरतो आणि बुचाचा भुगा होतो. त्यासाठी दोन पातळ पात्यांचे अवजार मिळते: पाती बुचाच्या दोन्ही कडांनी काचेलगत डोलवत आत सरकवायची आणि मग फिरवत फिरवत बूच वर घ्यायचे. भावाला ते तिकडेच विकत घ्यायला सांगा आणि एखाद्या साध्या बाटलीवर आधी हात बसवून पाहा. एवढे करूनही बूच तुटले, तर घाबरू नका. उरलेला तुकडा आत ढकला. आपण पुढे गाळणारच आहोत.

गाळण्यासाठी स्वच्छ, साबणाचा वास नसलेले मलमलचे फडके एखाद्या नरसाळ्यावर पसरा आणि खाली काचेचा जग ठेवा. बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती किंवा पणती लावा. बाटली दोन्ही हातांनी धरून, मध्ये एकदाही न थांबता, अगदी सावकाश ओता. सुरुवातीला मानेतून डाळिंबाच्या दाण्यासारखी, कडेला विटकरी झाक असलेली स्वच्छ वाईन जाताना दिसेल. बाटलीत दोन-तीन बोटे उरली, की ज्योतीसमोर काळसर धुरासारखी रेघ मानेकडे सरकू लागते. तो गाळ. तिथेच थांबा. तो विषारी नसतो, पण तुरट आणि वाळूसारखा दाताखाली येतो. तासभर आधी गाळून ठेवली तर पुरे. इतक्या जुन्या वाईनला दिवसभर उघडी ठेवू नये, तिचा सुवास उडून जातो. साठ मिलिलीटरच्या पेल्यांत ओतली तर एका बाटलीत दहा-अकरा जणांचे होते, तेव्हा माणसे मोजून बोलवा.

दिवचलवासी, आपला प्रश्न राहिला. २०११ हे व्हिंटेज पोर्टचे फार उत्तम साल आहे आणि ती बाटली आपल्या भाचीच्या एकविसाव्या वर्षीही तरुणच असेल. २०१६ आणि २०१७ ही साले असलेल्या मुलांच्या पालकांनीही पोर्टच पाहावी. आत्ता घेणे शहाणपणाचे आहे, पण घरी वाईनचा स्वतंत्र फ्रिज आणि वीज गेल्यावर चालणारी सोय असेल तरच. गोड वाईन म्हणून बोर्दोतल्या सोतेर्न भागाची वाईन शोधत असाल, तर एवढे ध्यानात ठेवा की तिथल्या शॅटो दिकेम या नामांकित घराण्याने १९७४, १९९२ आणि २०१२ या सालांची वाईन काढलीच नाही. त्या सालची दिकेम कोणी विकायला आणली तर ती खोटी समजावी.


खांडेपारकाठ

शेवटचा एक प्रश्न. बाटलीत उरलेला तो गाळ टाकूनच द्यायचा का? आई काहीही टाकू देत नाही.


साष्टीकर

ताई, टाकू नका. आमच्याकडे तो गाळ त्याच मलमलच्या फडक्यातून दुसऱ्यांदा गाळून, चमचाभर साखर घालून मंद आचेवर आटवतात आणि कोमट असताना बेबिंकेच्या तुकड्यावर सोडतात. फडक्यावर जे राहते, ते अंगणातल्या झाडाच्या आळ्यात जाते.